आमच्या नावावरील थकबाकी

(वार्षिक संमेलनात कुरुंदा येथे केलेले भाषण)



चिटणीसांनी आम्हांस बोलण्याची आज्ञा केली तेव्हा विषयही सुचविला होता, 'ज्ञातीची प्रगती'. त्यावर दरसाल कोणी ना कोणी बोलतोच. आम्ही आज एका थकबाकीची हकीगत सांगणार आहोत. ती आमच्या नावावर होती. मात्र आमची नव्हती.

गेल्या वर्षी आमच्या कन्येस परिचर्या महाविद्यालयात प्रवेश मिळाला. शैक्षणिक कर्जासाठी आम्ही वसमतच्या एका बँकेत गेलो. अधिकारी सज्जन होते. संगणकाचा पडदा आमच्याकडे वळवून ते हलक्या आवाजात म्हणाले, "काका, आधीचं कर्ज थकलंय तुमचं." कर्ज दुचाकीचे, रक्कम ४३ हजारांच्या घरातली, आणि देणारी संस्था अशी की तिचा उंबरठा आम्ही कधी ओलांडला नव्हता. दुचाकी चालविणे तर आम्हांस आजही येत नाही.

खरे ते सांगितले पाहिजे. त्या क्षणी आम्हांस राग आला नाही, लाज वाटली. घरी आठ दिवस आम्ही हा विषय काढला नाही. थकबाकीदार हा शब्द आमच्या पिढीच्या कानांना शिवीसारखा लागतो. पूर्वी सोसायटीच्या भिंतीवर थकबाकीदारांची यादी लागे. ती दिसावयास वाईट, पण दिसे तरी. नाव चुकले असेल तर माणूस तेथल्या तेथे सचिवाशी भांडे. ही नवी यादी भिंतीवर लागत नाही.

वहीत काय लिहिले आहे हे ऋणकोस न कळणे, हे दुखणे जुनेच आहे. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांतील रोखे व खते ओढून काढून जाळली. पुढे १८७९ साली कायदा होऊन शेतकऱ्यास हिशेबाचा उतारा व पावती मागता येऊ लागली. आपला मुलूख निजामाकडे, त्यामुळे तो कायदा येथे लागू नव्हता, ही गोष्ट निराळी. आज मात्र तसा हक्क आपणां सर्वांस आहे. २००५ साली संसदेने पतविषयक माहिती ठेवणाऱ्या कंपन्यांसाठी कायदा केला. सिबिल, एक्विफॅक्स, एक्सपेरियन व क्रिफ हायमार्क या त्या चार कंपन्या. रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार २०१७ पासून यांतील प्रत्येकीने मागेल त्यास वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य द्यावयाचा आहे. आपण सारे 'सिबिल' म्हणतो, पण वह्या चार आहेत.

आम्ही अहवाल मागविला आणि चूक पहिल्याच पानावर सापडली. आमच्या नावाखाली दोन पत्ते होते, एक कुरुंद्याचा व दुसरा परजिल्ह्यातील. मोबाईल क्रमांकही दोन. याचे मूळ आपल्या ज्ञातीच्या रीतीत आहे. आडनावे मोजकी, आणि आजोबांचे नाव नातवास ठेवण्याची आपली चाल. म्हणून नाव, वडिलांचे नाव व आडनाव तिन्ही जुळणारी माणसे आपल्यात पुष्कळ. संगणकाने दोघांस एक केले. त्या गृहस्थांचे नाव येथे आम्ही घेणार नाही. घेतले तरी ते आमचेच होईल!

यापुढे आमच्या हातून जी चूक झाली ती सांगतो, कारण ती आपण कराल. तीन आठवडे आम्ही तोंडी विनवण्या केल्या. कर्ज देणाऱ्या संस्थेच्या शाखेत खेटे घातले; तेथील मंडळी म्हणत, सिबिलला विचारा. कंपनीस दूरध्वनी केला. ती म्हणे, नोंद संस्थेची, तिच्या संमतीवाचून आम्ही बदलू शकत नाही. दोघांचेही बोलणे खरे होते, आणि आमच्या हाती कागद नव्हता. अखेर भाच्याच्या मदतीने कंपनीकडे रीतसर तक्रार नोंदविली, क्रमांक घेतला, आणि संस्थेस पत्र पाठवून मूळ कर्ज-अर्जाची प्रत, छायाचित्र व स्वाक्षरी दाखवा अशी मागणी केली. "कर्ज माझे नाही" असे दहा वेळा म्हणण्याहून "अर्ज दाखवा" हे एकदा लिहिणे अधिक कामास आले. अर्जावरील छायाचित्र परक्याचे निघाले.

अशा तक्रारीचा निकाल ३० दिवसांत लागला पाहिजे. त्यांपैकी २१ दिवस कर्ज देणाऱ्याचे. मुदत टळल्यास, ज्याच्याकडून विलंब झाला त्याने तक्रारदारास दर दिवशी १०० रुपये द्यावेत, असा नियम २६ एप्रिल २०२४ पासून लागू आहे. तरीही दाद न लागल्यास रिझर्व्ह बँकेचा लोकपाल आहे. सप्टेंबर २०२२ पासून या कंपन्याही त्याच्या कक्षेत आल्या आहेत.

प्रत्येक प्रकरण नावाच्या गल्लतीचे नसते. २०१७ साली शेजारच्या परभणी जिल्ह्यात गंगाखेड येथे, ऊस उत्पादकांच्या नावे त्यांच्या नकळत बँकांतून कर्जे उचलल्याच्या आरोपावरून गुन्हा नोंदविण्यात आला. अशा वेळी तक्रारीबरोबर पोलिसांतही जावे लागते. आणि तिसरा प्रकार आपल्या घरचा, जामिनकीचा. मेव्हण्याच्या ट्रॅक्टरसाठी आपण सही केली, मेव्हण्याचे हप्ते थकले, तर ती नोंद आपल्याही अहवालात येते, आणि ती चूक नव्हे. तेथे तक्रार करून काही मिळणार नाही. मेव्हण्याकडेच जावे लागेल. सही मागणाऱ्यास नकार देणे आपल्यात अपमान समजतात, हे आम्हांस ठाऊक आहे. आम्हीही दोन ठिकाणी जामीन आहोत, आणि आता दोन्ही घरी हप्त्यांची चौकशी करतो. एका घरी चहा मिळेनासा झाला आहे.

आमची नोंद ४७ व्या दिवशी पुसली गेली, आणि विलंबाच्या १७ दिवसांचे १,७०० रुपये खात्यावर जमा झाले. फीची तारीख मात्र त्याआधीच उलटून जात होती. त्यासाठी भाव येईल म्हणून राखून ठेवलेली हळद आम्ही वसमतच्या मोंढ्यात मिळेल त्या दराने घातली. भाव पुढच्या महिन्यात चढला.

जुना व नवा असे दोन्ही अहवाल आम्ही बरोबर आणले आहेत. ज्यांस ते पाहावयाचे असतील त्यांनी भोजनानंतर मंडपाच्या उजव्या बाजूस यावे. आमचे नामबंधू येथे आले असल्यास त्यांनीही संकोच करू नये. हप्ते कोणी हौसेने थकवीत नाही, आणि त्यांच्या अहवालातही आमचे एखादे खाते शिरले आहे की काय, हे आम्हांस पाहावयाचे आहे.