आपला जज कोण?

(चांदीप इथे तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण)



मी फौजदारी वकिली करतो. गेल्या पावसाळ्यात एक आई माझ्याकडे आली. मुलगा कोठडीत होता, जामिनाची तारीख जवळ आली होती. तिने ना कलम विचारलं, ना फी. पहिला प्रश्न केला, "वकीलसाहेब, जज आपल्यातला आहे का?"

तेव्हा मी गप्प बसलो. आज उत्तर देतो.

विरारहून लोकल धरून चर्चगेटला उतरलात, की मुंबई हायकोर्ट चालत जाण्याइतकं जवळ आहे. बदरुद्दीन तय्यबजी १८६७ साली तिथे बॅरिस्टर म्हणून उभे राहिले. मुंबईचे ते पहिले हिंदी बॅरिस्टर. जन्म १८४४चा, घराणं सुलेमानी बोहरा व्यापाऱ्यांचं. विलायतेत शिकताना डोळ्यांनी दगा दिला, मध्येच परत यावं लागलं. पण ते पुन्हा गेले आणि शिक्षण पुरं केलं. १८७४ साली अंजुमन-ए-इस्लाम उभी करणाऱ्यांत ते होते. १८८७ साली मद्रासला काँग्रेसचे अध्यक्ष झाले. १८९५ साली हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले, तिथले पहिले मुसलमान.

दोनच वर्षांनी त्यांची परीक्षा झाली. जुलै १८९७मध्ये 'केसरी'तल्या लिखाणावरून लोकमान्य टिळकांना राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली. मॅजिस्ट्रेटने जामीन नाकारला. हायकोर्टात न्यायमूर्ती पार्सन्स आणि रानडे यांनीही नाकारला. रानडे म्हणजे महादेव गोविंद रानडे, टिळकांच्याच पुण्याचे आणि त्यांच्याच जातीचे. खटला सेशन्सकडे सोपवला गेल्यावर बॅरिस्टर दिनशा दावर यांनी पुन्हा अर्ज केला. तो आला तय्यबजींपुढे.

जरा त्या काळात जाऊन बघा. चारच वर्षांपूर्वी, १८९३ला, मुंबईत हिंदू-मुसलमान दंगल झाली होती. त्या काळच्या टिळकांच्या लिखाणावर अनेक मुसलमान नाराज होते. राजकारणातही तय्यबजी फिरोजशहा मेहतांच्या मवाळ गटातले, टिळकांचा मार्ग वेगळा. वर सरकार इंग्रजांचं, आणि खटला त्याच सरकारने भरलेला. जामीन नाकारला असता तर तय्यबजींना कुणी बोल लावला नसता.

त्यांनी जामीन दिला. त्यांचा विचार साधा होता. आरोपी खटल्याला हजर राहील की नाही, हा मुख्य प्रश्न. आणि इतके दिवस आत ठेवलेला माणूस शेवटी निर्दोष ठरला, तर तो न्यायाचाच पराभव. पुढे सप्टेंबरमध्ये दुसऱ्या न्यायमूर्तींपुढे खटला चालला. ज्यूरीत सहा युरोपियन आणि तीन हिंदी होते. सहा विरुद्ध तीन मतांनी टिळक दोषी ठरले, दीड वर्षाची शिक्षा झाली. पण मधले काही आठवडे ते बाहेर राहून बचावाची तयारी करू शकले.

गोष्ट इथे संपत नाही. १९०८ साली टिळकांवर पुन्हा राजद्रोहाचा खटला झाला. जामिनाचा अर्ज जिनांनी मांडला. समोर न्यायमूर्ती कोण? तेच दावर, ज्यांनी अकरा वर्षांपूर्वी टिळकांसाठी जामीन मागितला होता. त्यांनी जामीन नाकारला आणि पुढे सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली. तय्यबजी तेव्हा हयात नव्हते. १९०२ साली हंगामी मुख्य न्यायाधीशपद सांभाळणारे ते पहिले हिंदी ठरले, आणि १९०६ साली लंडनमध्ये वारले.

आता सांगा, टिळकांचा 'आपला' जज कोण होता? जातीचा? एके काळचा वकील? की दुसऱ्या धर्माचा, दुसऱ्या गटाचा माणूस?

याचा अर्थ आपली मुलं-मुली न्यायासनावर नकोत, असा नाही. हवीतच. तुमच्यातल्या कुणी लॉच्या प्रवेश परीक्षेचा फॉर्म भरावा, म्हणूनच मी आलोय. पण तिथे बसून आपल्या माणसाला झुकतं माप देण्यासाठी जायचं असेल, तर जाऊ नका. ज्याचं लिखाण आपल्याला डाचतं, त्याचाही अर्ज कायद्याच्या काट्यावर तोलता येईल का, हे आधी स्वतःला विचारा.

त्या आईच्या मुलाचा खटला अजून चालू आहे. पुढच्या तारखेला ती भेटेल, तेव्हा सांगणार आहे, "अम्मी, जो दोन्ही बाजू ऐकून घेतो आणि कायद्याने वागतो, तो आपला जज."