काठीचा पहिला हात

माझ्या लहानपणी मोहरमच्या मिरवणुकीत कळवणला ताबुतापुढं लाठी फिरायची. शिकवायचे आमच्या गल्लीतले अण्णा, कांदा पिकवणारे शेतकरी. पहिला महिनाभर एकही वार नाही, नुसता पवित्रा. डावा पाय पुढं, गुडघे सैल, नजर समोरच्याच्या छातीवर. काठी आवळायची नाही. करंगळी-अनामिका घट्ट, बाकीची बोटं पाहुण्यासारखी. आवळली की मनगट अडतं. मग अंगाच्या दोन्ही बाजूंनी आठाच्या आकड्यासारखं घुमवणं. माझं डावं मनगट कित्येक दिवस सुजलेलं होतं. भरीव वेळूची ती काठी मी तेल पाजून काळी केली होती.

१९९२ च्या डिसेंबरात आईनं ती माळ्यावर सरपणात लपवली. गल्लीत काही घडलं नव्हतं. पण मुसलमानाच्या घरात लाठी, एवढं कुणी म्हटलं तरी पुरे, असं तिला वाटलं. मी वाद घातला नाही. मीही भ्यालो होतो.

पन्नाशी उलटल्यावर जपानच्या जोदो या काठीविद्येबद्दल वाचलं. सतराव्या शतकातला मुसो गोन्नोसुके हा तिचा आद्य पुरुष. मियामोतो मुसाशी या तलवारबहाद्दराकडून हरल्यावर त्यानं ही काठी घडवली, अशी आख्यायिका. लांबी १२८ सेंटिमीटर, लाकूड ओकचं. विसाव्या शतकात शिमिझु ताकाजी यांनी नवशिक्यांसाठी १२ मूळ हात बसवले. सुरुवात सरळ पकडीच्या फटक्यानं, मग उलट्या पकडीचा. तिला बुंधा-शेंडा नाही, दोन्ही टोकं सारखीच चालतात.

हे सांगायला अण्णांकडं गेलो. आता ते ऐंशीच्या पुढचे, खाटेवरच असतात. सगळं ऐकून म्हणाले, "तुनी काठी कोठे शे रे?"

माळ्यावर चढलो. काठीला भुंगा लागला होता, हातात घेताच पीठ गळालं. दुसऱ्या दिवशी बाजारातून नवा वेळू आणला. वाटेत ओळखीच्या एकानं विचारलं, "काय कवी, काठी कशाला?" मी म्हणालो, "कुत्री फार झालीत हो." खोटंच बोललो. का बोललो, हे घरी येईपर्यंत मनात घोळत राहिलं.

संध्याकाळी अण्णांच्या अंगणात उभा राहिलो. खाटेवरूनच त्यांनी माझ्या हाताकडं पाहिलं.

"मूठ सैल सोड," म्हणाले.