भिंतीवरचे चालते घड्याळ
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात बेळ्ळंदूर येथे दिलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या भाषणासाठी संतवाङ्मय, शिवकाल किंवा निदान नाट्यसंगीत असा एखादा भारदस्त विषय मी निवडीन, अशी आपल्या कार्यवाहांची अपेक्षा होती. 'दिवाणखान्यातील विलायती घड्याळे' हा विषय कळल्यावर ते क्षणभर थांबले आणि "म्हणजे गृहसजावट का?" असे त्यांनी विचारले. गृहसजावट म्हणावयास माझी हरकत नाही. मात्र जी वस्तू आपण भिंतीवर शोभेसाठी टांगतो ती काय आहे, कोठून आली आणि ती जिवंत आहे की मेलेली, याचा विचार सजावटीतच मोडतो असे मी मानतो.

बेळ्ळंदूरच्या या नव्या वसाहतींत गेल्या काही वर्षांत अनेक घरी जाण्याचा योग आला. मोठा दिवाणखाना, पांढऱ्या भिंती आणि एका भिंतीवर कोरीव लाकडी पेटीतले जुने युरोपीय घड्याळ, हे दृश्य आता नवे राहिलेले नाही. वर मुकुटासारखी महिरप, तिच्यावर गरुड किंवा घोडा, दोन्ही बाजूंस कातीव खांब, मध्ये काच आणि काचेआड पितळी लंबक. एका स्नेह्यांच्या घरी तर अशी सात घड्याळे ओळीने लावलेली होती. सातही बंद. प्रत्येकात वेगळी वेळ. सजावटकाराने सांगितले होते म्हणे की चालू ठेवू नका, आवाजाचा त्रास होतो. घर सुंदर होते, यात वाद नाही. पण मी तेथे बसलो असताना माझी नजर पुनःपुन्हा मनगटाकडे जात होती.

ही घड्याळे येतात कोठून? विक्रेता 'युरोपातून' म्हणून सांगतो आणि ते अर्धेच खरे असते. युरोपातून ती आली, पण शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी, बोटीने, मुंबई-मद्रासच्या बंदरांत. आज बाजारात येतात ती बहुधा इथल्याच घरांतून: देशावरच्या वाड्यांतून, कोकणातल्या माजघरांतून, चेट्टिनाडच्या हवेल्यांतून, छावणीतल्या बंगल्यांतून. वाडा पडतो, वाटण्या होतात, आणि 'जुने सामान' म्हणून गाडीवर चढविलेले घड्याळ मुंबईच्या चोरबाजारातून किंवा पुण्याच्या जुन्या बाजारातून दहा हात फिरत बंगळूरला पोहोचते. तेव्हा आपल्यापैकी एखाद्याने मोठी किंमत देऊन घेतलेले 'व्हिएन्नाचे' घड्याळ कोणा मराठी माणसाच्याच आजोळचे असणे अगदी शक्य आहे. हे मला खरोखरच टोचते. गावी घड्याळ भंगारात जाते आणि शहरात तेच आपण परके म्हणून विकत घेतो.

आता थोडे त्यांच्या कुळाविषयी. ज्यांना सरसकट व्हिएन्ना म्हणतात त्यांचा मूळ घाट ऑस्ट्रियाचा: लांबट काचेची पेटी, वजनांवर चालणारे अत्यंत नेमके यंत्र. पुढे जर्मन कारखानदारांनी तो घाट उचलला, वजनांच्या जागी कमान घातली, पेटीवर कोरीवकाम चढविले आणि ती स्वस्त केली. आपल्याकडे दिसतात ती बहुतेक हीच. गुस्टाफ बेकर यांचा कारखाना १८४७ साली सायलेशियातील फ्रायबुर्ग येथे सुरू झाला. ते गाव आज पोलंडमध्ये आहे. युंगहान्सचा कारखाना १८६१ चा, काळ्या अरण्यातील श्रामबर्गचा. त्याची खूण म्हणजे तारा. एकमेकांना छेदणारे दोन बाण दिसले तर ती हॅम्बर्ग-अमेरिकन कंपनी, तीही श्रामबर्गचीच. कोकिळेचे घड्याळ स्वित्झर्लंडचे अशी आपली समजूत असते. तेही याच काळ्या अरण्यातले. अन्सोनिया अमेरिकेचे आणि १८९२ साली सुरू झालेले सेइकोशा जपानचे. विक्रेता मात्र पेटीवर नक्षी दिसली की सर्वांनाच 'फ्रेंच' ठरवून मोकळा होतो!

वेळ मोजण्याचे आपले स्वतःचे साधन घटिकापात्र. तळाशी बारीक भोक असलेली तांब्याची वाटी पाण्यावर सोडावयाची, ती चोवीस मिनिटांत बुडली की एक घटिका झाली. लग्नमंडपात ती अजून कोठे कोठे दिसते. घटिकेवरूनच 'घड्याळ' शब्द आला. तास म्हणजे मूळची काशाची थाळी, जिच्यावर टोला हाणून वेळ जाहीर करीत. आपण त्या थाळीचेच नाव कालाला दिले. इथले कानडी बंधू "एष्टु गंटे?" म्हणून विचारतात, त्यांनी घंटेचे नाव दिले. दोन्ही भाषांत वेळ ही मुळात ऐकावयाची गोष्ट आहे, पाहावयाची नंतर.

युरोपीय वस्तू घरात आणू नये असे म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. १७३९ साली चिमाजीअप्पांनी वसई घेतली तेव्हा तेथल्या पोर्तुगीज चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी आणल्या आणि देवळांत बांधल्या. नाशिकला नारोशंकराच्या देवळात, वाईजवळ मेणवलीला, भीमाशंकरला त्या आजही आहेत. विजयाचे चिन्ह म्हणून त्या एखाद्या दालनात मांडून ठेवता आल्या असत्या. पण त्या टांगल्या, वाजविल्या आणि काही पिढ्यांत त्या आपल्या झाल्या. मुंबईचा राजाबाई टॉवर १८७८ साली पुरा झाला. प्रेमचंद रायचंदांनी आईच्या नावे तो बांधविला आणि दृष्टी गेलेल्या त्या माउलीला टोल ऐकून सूर्यास्तापूर्वीच्या भोजनाची वेळ कळावी हा हेतू होता, असे सांगतात. टोल देणाऱ्या घड्याळाचा याहून चांगला उपयोग मला ठाऊक नाही.

आता ज्या गोष्टीसाठी मी हा विषय घेतला ती सांगतो.

आमच्या राजापूर तालुक्यातल्या घरी असेच एक जर्मन घड्याळ होते. वाटणीच्या वेळी तांब्यापितळेच्या भांड्यांवर पुष्कळ बोलणी झाली; घड्याळ कोणी मागितले नाही, म्हणून ते माझ्याकडे आले. बदलीच्या नोकरीत ते चार गावे फिरले आणि शेवटी बंगळूरला आले. येथे येताच ते मागे पडू लागले. घड्याळजींनी यंत्र उघडले, पुसले, तेल दिले. दोष काही नव्हता, तरी आठवड्याला ते दोनेक मिनिटे मागे पडेच.

याचे उत्तर साडेतीनशे वर्षांपूर्वीचे आहे. १६७२ साली झां रिशे नावाचा फ्रेंच ज्योतिर्विद विषुववृत्ताजवळच्या कायेन येथे गेला. पॅरिसमध्ये बिनचूक चालणारे त्याचे लंबकाचे घड्याळ तेथे दिवसाला अडीच मिनिटे मागे पडू लागले. पृथ्वी विषुववृत्तापाशी फुगीर आहे आणि तिच्या फिरण्याचा परिणामही तेथे अधिक, म्हणून ओढ किंचित कमी, म्हणून लंबक सावकाश झुलतो. उंचावर गेले तरी तेच होते. राजापूर साडेसोळा अंशांवर आणि समुद्राजवळ. बंगळूर तेरा अंशांवर आणि समुद्रसपाटीपासून सुमारे नऊशे मीटर उंच. हिशेब केला तर राजापुरात बरोबर लावलेले घड्याळ बंगळूरला दिवसाकाठी पंधरा ते वीस सेकंद मागे पडते. व्हिएन्नाहून थेट आणलेले घड्याळ दिवसाला सुमारे दोन मिनिटे मागे पडेल. बॅटरीच्या घड्याळाला यांतले काही कळत नाही; त्याला राजापूर आणि बेळ्ळंदूर सारखेच. लंबकाला मात्र आपण गाव सोडून किती दूर आलो ते कळते आणि तो ते रोज सांगतो.

उपाय सोपा आहे. लंबकाखालची बारीक चाकी फिरवून गोळा किंचित वर घ्यावयाचा. लांबी कमी झाली की गती वाढते. काही लंबकांवर 'आर' आणि 'ए' अशी अक्षरे असतात. मंद व जलद यांच्या फ्रेंच शब्दांची ती आद्याक्षरे. एका वेळी चाकीला अर्धा फेरा पुरे, आणि मग आठवडाभर वाट पाहावी. घाई करणाऱ्याने या वाटेला जाऊ नये.

टांगण्याविषयी दोन शब्द. पेटी ओळंब्यात असावी हे खरे, पण डोळ्यापेक्षा कान अधिक विश्वासू. दोन ठोक्यांमधले अंतर सारखे ऐकू आले पाहिजे. एक लांब आणि एक आखूड ऐकू आला, तर पेटीचे खालचे टोक केसभर डावी-उजवीकडे सरकवावे. ठोके सारखे झाले की तेथेच पक्के करावे. घड्याळ अशा उंचीवर लावावे की स्टुलावाचून चावी देता यावी. सजावटकार ते छताजवळ लावतात आणि तेथेच ते बंद पडते. काटे मागे फिरवू नयेत. पुढे नेताना प्रत्येक तासाला व अर्ध्या तासाला थांबून टोल पुरे होऊ द्यावेत. अनेक जुन्या यंत्रांत टोल चक्रावर मोजलेले असतात. ते एकदा चुकले की घड्याळ तीन वाजता आठ टोल देते. प्रवासात लंबक आधी काढून ठेवावा, नाहीतर तो ज्या पातळ पोलादी पट्टीवर झुलतो ती तुटते. आणि कोकणातल्या सवयीने खोबरेल तेल घालू नये. तेथेही ते चिकटतेच. येथे डिसेंबरात तर बाटलीतच थिजते, मग चक्रांत काय होत असेल ते सांगावयास नको. बेळ्ळंदूरच्या तळ्याची कीर्ती २०१५ नंतर फेसामुळे आणि आगीमुळे देशभर पसरली. त्या बाजूच्या घरांत पितळ फार लवकर काळे पडते असा अनुभव आहे. तेव्हा पेटीची काच घट्ट बसते की नाही ते पाहावे. रात्रीच्या टोलांनी शेजाऱ्यांची झोप मोडत असेल, तर हातोडीच्या टोकाला चामड्याचा किंवा बनातीचा तुकडा बांधावा. टोल मऊ होतो, आणि शेजारधर्मही राहतो.

घेताना सावध असावे. प्लायवूडची नवी पेटी, छापील कागदाची मुद्दाम पिवळी केलेली तबकडी आणि आत कोणतेही पितळी यंत्र, असा जुळवलेला माल बराच असतो. तबकडीवर एक नाव आणि यंत्राच्या मागच्या पत्र्यावर दुसरी खूण, किंवा काहीच खूण नाही. मागच्या फळीत न वापरलेली भोके. कोऱ्या चकचकीत मळसूत्रांची डोकी. एवढे पाहिले तरी पुष्कळ कळते. विक्रेत्याला मागची बाजू दाखवावयास सांगावे. तो टाळाटाळ करू लागला की आपण चहा घेऊन बाहेर पडावे.

आणखी एक कायद्याची गोष्ट. सरकारी नोकरीत कलमे वाचण्याची खोड लागते, तिचा हा परिणाम. १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी अधिनियमाप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी कलाकारागिरीची वस्तू पुरावस्तू ठरू शकते, आणि पुरावस्तू खाजगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. कारखान्यात बनलेले प्रत्येक घड्याळ पुरावस्तू असतेच असे नाही. पण ते ठरविणे आपल्या हाती नाही. आपल्यापैकी अनेकांची मुले अमेरिकेत आहेत. पणजोबांचे घड्याळ त्यांच्याकडे पाठविण्यापूर्वी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याकडून ती वस्तू पुरावस्तू नसल्याचा दाखला घ्यावा. विमानतळावर ऐन वेळी मन मोडण्यापेक्षा ते बरे.

काही जण जुने यंत्र काढून पेटीत बॅटरीचे यंत्र बसवितात. मला ते रुचत नाही, पण ज्यांना चावी देणे खरेच अशक्य आहे त्यांना मी दोष देणार नाही. त्यांनी एवढेच करावे: पेटीला नवे भोक पाडू नये आणि मूळ यंत्र कागदात गुंडाळून त्याच पेटीच्या तळाशी ठेवावे. पुढे नातवाला वाटले तर ते परत बसविता येईल.

पण ते बसविणार कोण? खरी अडचण येथे आहे. सिटिझन कंपनीच्या सहकार्याने एचएमटीचा घड्याळांचा कारखाना १९६१ साली याच शहरात सुरू झाला आणि चावीच्या घड्याळांची मोठी परंपरा येथे उभी राहिली. २०१६ साली ते पर्व संपले. आता जालहळ्ळीला त्याचे संग्रहालय आहे, आपण अवश्य पाहावे. त्या परंपरेत हात बसलेले घड्याळजी चिकपेट, अव्हेन्यू रोड भागात अजून भेटतात, पण बहुतेक साठी ओलांडलेले आहेत आणि त्यांच्या शेजारी शिकाऊ मुलगा बसलेला मला क्वचितच दिसला. आज बंद ठेवलेले घड्याळ दहा वर्षांनी 'चालू करू' म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. दुरुस्ती करावयाची ती आता, हे हात आहेत तोवर.

म्हणून मंडळाकडे माझी एक मागणी आहे. सभासदांच्या घरी असलेल्या अशा घड्याळांची एक नोंदवही करावी: कोणत्या गावाहून आले, कोणाच्या घरात होते, यंत्रावर खूण व क्रमांक कोणता, चालू की बंद. त्याच वहीच्या शेवटच्या पानांवर घड्याळजींची नावे व पत्ते असावेत. वही मी आणली आहे आणि पहिली नोंद राजापूरच्या घड्याळाची केली आहे.

ते घड्याळही समोर मेजावर ठेवले आहे. भाषण संपल्यावर ज्यांना पाहावयाचे असेल त्यांनी थोडे थांबावे. लंबक कसा काढावा व बसवावा ते मी दाखवितो. मुलांनी पुढे यावे. चावी त्यांच्याच हाती देणार आहे.