चित्र आधी पाहावे, मग बोलावे

(हीरक महोत्सवी वर्षात शाळेच्या छायाचित्र मंडळाच्या उद्घाटनप्रसंगी झालेले भाषण)



महाराष्ट्राबाहेर मराठी माध्यमात शिकणाऱ्या मुलाला एक अनुभव लवकर येतो. घरी मराठी, रस्त्यावर दुसरी भाषा. मग निबंधात त्या दुसऱ्या भाषेतला शब्द नकळत येऊन बसतो. एक शिक्षक त्यावर तांबडी फुली मारतात. दुसरे त्याखाली रेघ ओढून समासात मराठी शब्द लिहितात. चूक दोघांनाही दिसलेली असते. परंतु पहिले मूल पुढच्या वेळी जपून, थोडकेच लिहिते आणि दुसरे मोकळेपणाने लिहिते. सहकाऱ्याच्या छायाचित्रावर अभिप्राय देण्याचा सारा प्रश्न या दोन वह्यांमधील अंतरात सामावलेला आहे.

छायाचित्रावरचे दोन अभिप्राय सर्वत्र ऐकू येतात. एक, ‘फारच सुंदर!’ आणि दुसरा, ‘काही जमले नाही.’ पहिला गोड व दुसरा कडू असला, तरी दोन्हींतून चित्रकर्त्याच्या हाती काहीच लागत नाही. मराठीच्या तासाला कवितेचे रसग्रहण करताना आधी आशय सांगावा लागतो, मग तो कशामुळे पोहोचला हे दाखवावे लागते. मत त्यानंतर येते. छायाचित्रालाही हाच क्रम लागू आहे.

म्हणून प्रथम केवळ पाहावे. नजर आधी कोठे गेली, मग कोठे वळली, कोठे अडखळली, एवढेच सांगावे. विख्यात फ्रेंच छायाचित्रकार हेन्री कार्तिए-ब्रेसाँ छायाचित्रे उलटी धरून पाहत असत. चित्र उलटे केले की चेहऱ्याची ओढ कमी होते आणि उजेड-अंधाराची मांडणी स्पष्ट दिसते. मंडळातील प्रत्येकाने हे करून पाहावे.

त्यानंतर विचारावे. चेहरा काळोखात गेला आहे, तो मुद्दाम की प्रकाशाचा अंदाज चुकला म्हणून? हेतू कळल्याशिवाय दोष ठरत नाही.

मग नेमके सांगावे. ‘फोटो हलला आहे’ हे अर्धेच निदान झाले. सारे चित्र एकाच दिशेने ओघळले असेल, तर बहुधा कॅमेरा हलला. शटरचा वेग वाढवावा किंवा भिंतीचा आधार घ्यावा. मागची भिंत रेखीव आणि चेहरा मात्र धूसर असेल, तर बहुधा फोकस चुकला. कडेला आलेला विजेचा खांब कापून टाकता येतो; परंतु उन्हात पूर्ण पांढऱ्या पडलेल्या सदऱ्याच्या चुण्या नंतर परत आणता येत नाहीत. आज सुधारता येण्याजोगे आणि पुढच्या वेळी सांभाळण्याजोगे, अशी ही वर्गवारी करून दिली की टीकेचे साहाय्य होते.

तरीही अंतिम निर्णय चित्रकर्त्याचाच असतो. अमेरिकेतील महामंदीच्या काळात, मार्च 1936 मध्ये, डोरोथिया लँग यांनी कॅलिफोर्नियातील निपोमो येथे मजुरांच्या तळावर एका चिंताक्रांत आईचे छायाचित्र टिपले. ‘मायग्रंट मदर’ या नावाने ते जगभर गाजले. त्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात, तंबूच्या खांबाला धरलेल्या हाताचा अंगठा डोकावत होता. लँग यांना तो खटकला व त्यांनी तो पुसट करवून घेतला. ज्या सरकारी योजनेसाठी हे काम चालले होते, तिच्या छायाचित्र विभागाचे प्रमुख रॉय स्ट्रायकर यांना मात्र हा फेरफार रुचला नाही. तो त्यांना सत्यतेला बाध आणणारा वाटला. अंगठा एकच, जाणकार दोन, आणि मते परस्परविरुद्ध! म्हणून ‘हा अंगठा चूक आहे’ असे न म्हणता ‘या अंगठ्याकडे लक्ष जाते’ असे म्हणणे अधिक खरे व अधिक उपयुक्त ठरते.

या कथेला आणखी एक बाजू आहे. त्या आईचे नाव, फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्प्सन, जगाला 1978 मध्ये कळले. ज्या चित्राने इतरांना कीर्ती दिली, त्यातून आपल्या पदरी काहीच पडले नाही, ही त्यांची खंत होती. बाजारातली भाजीवाली, बांधकामावरचा मजूर, झोपलेले मूल यांचे चित्र समोर आले, की मांडणीइतकाच आणखी एक प्रश्न मंडळात विचारला जावा: चित्रातल्या व्यक्तीला हे चित्र दाखवता येईल काय?

अभिप्राय ऐकणाऱ्याचेही एक कर्तव्य आहे. चित्राचे समर्थन करण्याची घाई न करता त्याने तो लिहून घ्यावा. चार जणांची नजर एकाच जागी अडखळली, तर ती जागा पुन्हा पाहावी.

शाळेचे हे हीरक महोत्सवी वर्ष आहे. हिऱ्याला पैलू पाडण्यापूर्वी कारागीर तो दगड कितीतरी वेळ निरखतो. कारण घाव चुकीच्या जागी पडला, तर खडा भंगतो. आज प्रथमच आपले चित्र भिंतीवर लावणाऱ्या मुलाच्या हातात उद्याही कॅमेरा असावा, आणि त्याने काढलेले उद्याचे चित्र आजच्याहून सरस असावे. या दोन्ही गोष्टी एकदम साधल्या, तरच अभिप्राय सार्थकी लागला म्हणायचा.