रक्तातील युरिक ॲसिड आणि यकृतातील मेद
(संघाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



कार्यकारी मंडळाने मला आरोग्याविषयी चार शब्द बोलण्याची आज्ञा केली. पंगतीची वेळ समीप आली आहे व पाकगृहातून जिलबीचा सुवास येथपर्यंत दरवळत आहे. माझ्या विषयाचा त्या जिलबीशी निकटचा संबंध असल्यामुळे आचाऱ्यांची आरंभीच क्षमा मागतो.

माझे वडील बंधू आपणांपैकी अनेकांच्या परिचयाचे होते. पन्नाशीत एका रात्री त्यांच्या पायाचा अंगठा सुजून लाल झाला. आपल्या वैद्यांनी ज्याला वातरक्त म्हटले, तोच हा विकार. रक्तातील युरिक ॲसिड वाढलेले निघाले. कोणीतरी सांगितले, डाळी सोडा. दादांनी वरण सोडले, पालक सोडला, वाटाणा सोडला. आणि दुपारचा उसाचा रस व सरबताचे दोन पेले मात्र निर्दोष मानून चालू ठेवले. वस्तुतः डाळी व भाज्यांतील प्यूरिनांमुळे संधिवाताचा हा धोका वाढल्याचे आढळत नाही. तो वाढतो मांसाने, काही प्रकारच्या मासळीने, मद्याने आणि गोड पेयांनी. मी स्वतः डॉक्टर. दादांचा अंगठा मी प्रत्येक भेटीत पाहिला. त्यांच्या पोटाच्या वाढत्या घेराकडे मात्र दहा वर्षांत एकदाही लक्ष दिले नाही. यकृत कठीण झाल्याचे कळले तेव्हा उशीर झाला होता. २०२१ साली ते गेले.

अंगठा आणि यकृत यांचा संबंध काय, असे आपण विचाराल. बहुतेक सस्तन प्राण्यांत युरिक ॲसिडचे विघटन करणारे एक विकर असते; मानवाच्या पूर्वजांनी ते लक्षावधी वर्षांपूर्वी गमावले. म्हणून ते द्रव्य आपल्या रक्तात साचते, आणि १०० मिलिलिटरमध्ये सुमारे ६.८ मिलिग्रॅमच्या पुढे गेले की त्याचे स्फटिक होऊ लागतात. आता साखरेकडे वळू. साखरेचा अर्धा भाग फ्रुक्टोज असतो. तो यकृतात पोहोचताच पेशींतील एटीपी हे शक्तिद्रव्य झपाट्याने खर्ची पडते. ग्लुकोजच्या वाटेवर जो पहारा असतो, तो येथे नाही. त्या खर्चाच्या अवशेषांतून युरिक ॲसिड निघते, आणि त्याच फ्रुक्टोजच्या काही भागाचा मेद होतो. एकाच चुलीतून धूर आणि काजळी दोन्ही निघावीत, तसे हे आहे. शिवाय मेदयुक्त यकृताच्या मनुष्याला इन्सुलिन लागू पडेनासे होते, शरीर ते अधिकाधिक निर्माण करते, आणि वाढलेले इन्सुलिन मूत्रपिंडांना युरिक ॲसिड बाहेर टाकू देत नाही.

मग युरिक ॲसिड हेच यकृतविकाराचे कारण म्हणावे काय? येथे विद्वानांत मतभेद आहेत. दोन्ही एकत्र आढळतात हे निर्विवाद. परंतु एकाने दुसरे घडते, हे निश्चित झालेले नाही. गोळी घेऊन युरिक ॲसिड उतरविल्याने यकृतातील मेद जातो, असेही सिद्ध नाही. सांधेदुखी वा मूतखडा नसताना केवळ अहवालातील आकड्यासाठी गोळ्या घेऊ नयेत, असे माझे मत आहे. तो आकडा म्हणजे दारावरची थाप समजावी. आत कोण आहे ते पाहावे.

“आम्ही तर सडपातळ,” असे म्हणणाऱ्यांसाठी एक हकीकत सांगतो. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. यडकिन यांनी २००४ साली स्वतःचीच मोजमापे प्रसिद्ध केली. दोघांचा देहभार-निर्देशांक एकच, २२.३. परंतु यडकिन यांच्या शरीरात मेद ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के! आपल्या लोकांचा मेद तराजूत दिसत नाही. तो पोटात दडतो.

उपाय फारसे नवे नाहीत. वजन जास्त असल्यास त्यातील ७ ते १० टक्के घटविल्याने यकृताची सूज बऱ्याच जणांत ओसरते. मद्य वर्ज्य करावे, रसाऐवजी अख्खे फळ खावे, रोज चालावे. वरण मात्र सुखाने वाढून घ्यावे.

यकृत दुखत नाही, आणि रक्ताचे अहवालही कधी कधी निर्दोष येतात. म्हणून सोनोग्राफीची सोय उद्या सकाळी ८ वाजता याच सभागृहाच्या मागील खोलीत केली आहे. उपाशीपोटी यावे. पहिले नाव मी माझ्या पुतण्याचे घातले आहे.