स्वमग्न मूल आणि अलिबागचा रस्ता

(काशीद येथील कार्यकर्ता-शिबिरातील भाषणाचा मजकूर)



काशीदच्या किनाऱ्यावर शनिवार-रविवारी जे दृश्य असते ते आपल्या परिचयाचे आहे. सुरूच्या बनालगत मोटारींची रांग, ध्वनिवर्धकांचा कल्लोळ आणि मुंबई-पुण्याची गर्दी. या गर्दीवर गावातील अनेक घरांची चूल पेटते. त्यांपैकी एका घराची आपण कल्पना करू. आई घरगुती खाणावळ चालविते, वडील पर्यटकांची ने-आण करतात. मुलगा नऊ वर्षांचा. मुरूड आगाराच्या गाड्यांचे वेळापत्रक तो मुखोद्गत सांगतो, तिथीवरून भरतीची वेळ अचूक काढतो. त्याचे बोलणे शुद्ध, किंबहुना पुस्तकी आहे. परंतु वर्गातील थट्टा त्याला उमगत नाही. आमटी भाताला लागली तर तो ताटावरून उठतो. आणि ध्वनिवर्धक सुरू झाला की कानांवर हात ठेवून मागीलदारी जाऊन बसतो. गाव त्याला हट्टी म्हणते, शाळा आगाऊ म्हणते आणि नातलग आईच्या लाडांना दोष देतात.

हे मूल कल्पित असले तरी विरळा नाही. देशातील पाच प्रदेशांत दोन ते नऊ वर्षांच्या मुलांची पाहणी करून २०१८ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आपल्या शेजारचा उत्तर गोवा त्यात होता. मेंदूच्या विकासाशी निगडित अशी एखादी तरी अडचण साधारणपणे आठांत एका मुलाला असल्याचे त्यात आढळले. स्वमग्नतेचे प्रमाण शंभरात एकाच्या आसपास होते. म्हणजे प्रत्येक मोठ्या गावात असे मूल असणारच. ते दिसत नाही, याचे कारण ते शोधण्याची व्यवस्था नाही. आणि बोलके मूल तर असलेल्या व्यवस्थेच्याही नजरेतून सुटते. २०१३ साली पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा आणि शाळेतील मुलांची एकदा तपासणी व्हावयाची असते, आणि तपासावयाच्या तीस बाबींत स्वमग्नताही आहे. परंतु रांगेतून पुढे आलेला जो मुलगा आपले नाव, गाव, इयत्ता खणखणीत सांगतो, त्याच्याबद्दल शंका घेण्यास तपासनिसाला ना वेळ असतो, ना कारण.

समजा, मुंबईच्या एखाद्या डॉक्टरने या आईला ‘अ‍ॅस्पर्गर सिंड्रोम’ हे नाव सांगितले. ती ते नाव घेऊन सरकारी कार्यालयात गेली तर कोणत्याही अर्जावर तिला ते सापडणार नाही. या नावाचा इतिहास थोडा सांगण्यासारखा आहे. हान्स अ‍ॅस्पर्गर या व्हिएन्नाच्या बालरोगतज्ज्ञाने १९४४ साली अशा मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्याच्या आधी सुमारे अठरा-वीस वर्षे ग्रुन्या सुखारेवा या सोव्हिएत महिला डॉक्टरने तशीच मुले वर्णिली होती, पण जगाने ती वाचली नाहीत. १९८१ साली लॉर्ना विंग या ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ बाईंनी अ‍ॅस्पर्गरचे नाव या लक्षणसमूहाला दिले. पुढे अमेरिकन वर्गीकरणाने २०१३ मध्ये हे वेगळे नाव काढून टाकले आणि सर्व प्रकार स्वमग्नतेच्या एकाच पटलात घेतले. २०२२ पासून अमलात आलेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणानेही तेच केले. तेव्हा पालकांनी कागदोपत्री शोधावयाचा शब्द ‘स्वमग्नता’ हा होय. शब्द फारसा न्याय्य नाही. या मुलांना माणसे नकोशी असतात असे तो सुचवितो, आणि ते खरे नाही. पण आज दार त्याच शब्दाने उघडते.

अ‍ॅस्पर्गरच्या चरित्रातील आणखी एक गोष्ट समाजवादी कार्यकर्त्याने विसरू नये. हेरविग चेख या इतिहासकाराने २०१८ साली कागदपत्रांच्या आधारे दाखवून दिले की, नाझी राजवटीत अ‍ॅस्पर्गरने काही मुलांना ‘अम श्पिगेलग्रुंड’ या संस्थेकडे पाठविण्याची शिफारस केली होती. तेथे अपंग मुले ठार मारली जात. ज्यांच्या अंगी गुण दिसले त्यांची बाजू त्याने घेतली. ज्यांचा समाजाला ‘उपयोग’ नाही असे ठरले त्यांची वाट वेगळी झाली. आज सेवांची मागणी करताना आपलीच काही भली माणसे म्हणतात की, ही मुले संगणकात हुशार असतात, देशाच्या उपयोगी पडतील, म्हणून त्यांच्यावर खर्च करावा. हेतू चांगला, पण युक्तिवाद घातक. काशीदच्या या मुलाला उद्या वेळापत्रकापलीकडे काही आले नाही, तरी त्याचा हक्क तसूभरही कमी होत नाही.

आता हक्काकडे वळू. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात सात प्रकार होते आणि स्वमग्नता त्यांत नव्हती. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने तिची प्रथम दखल घेतली आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने एकवीस प्रकारांत तिचा समावेश केला. मोजमापासाठी भारतीय मापनपट्टी आहे. तिच्यात चाळीस बाबी असून प्रत्येकीला एक ते पाच गुण दिले जातात. एकूण सत्तरच्या खाली गुण आले तर स्वमग्नता नाही असे मानले जाते. त्या चाळीसांपैकी नऊ बाबी भाषा व संभाषणाच्या आहेत, आणि बोलक्या मुलाचे गुण तेथेच घसरू शकतात. चाळीस टक्क्यांचा दाखला मिळाला नाही की शाळा म्हणते, ‘मग आम्हाला काही करता येत नाही.’ येथे कार्यकर्त्याने कायदा नीट वाचलेला असला पाहिजे. चाळीस टक्क्यांची अट नोकरीतील राखीव जागा, सहा ते अठरा वर्षांपर्यंतचे मोफत शिक्षण अशा ठरावीक लाभांना आहे. कलम १६ प्रमाणे शासनाच्या अनुदानावरील वा मान्यताप्राप्त शाळेने दिव्यांग मुलाच्या गरजेनुसार वाजवी सोयी पुरवावयाच्या आहेत. त्या कलमात चाळीस टक्क्यांचा उल्लेख नाही. गोंगाटापासून दूरची जागा, फळ्यावर लिहिलेला दिवसाचा क्रम, सूचना तोंडी न देता लिहून देणे, चिडवणाऱ्यांना आवर घालणे, यांना पैसा लागतोच कितीसा?

पैसा लागतो तो अंतराला. दाखल्याचे काम अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात, काशीदहून सुमारे तीस किलोमीटरवर, रेवदंड्याची खाडी ओलांडून. तपासणीसाठी जी तज्ज्ञ मंडळी एकत्र असावी लागतात ती एका फेरीत भेटतीलच असे नाही. मुलाशी नियमाने काम करणाऱ्या जाणत्या संस्था मुंबई-पुण्यात: मुंबईची ‘उम्मीद’ २००१ पासून हे काम करीत आहे, पुण्यात ‘प्रसन्न ऑटिझम सेंटर’ आहे. मुंबईला जावयाचे तर अलिबाग, मांडवा आणि लाँच; पावसाळ्यात साध्या लाँच बंद. उपचार आठवड्याला एकदा-दोनदा, महिनोन्‌महिने चालणारा. शनिवार-रविवारी जावे तर त्याच दोन दिवसांवर घराचे उत्पन्न अवलंबून. इतर दिवशी जावे तर शाळा बुडते. राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत एक लाखापर्यंतचे आरोग्य विमाछत्र आहे, परंतु आधी खर्च करावयाचा व मागून मागणी करावयाची. ज्याच्या हाती आधी खर्च करण्याइतका पैसा आहे त्याला ते छत्र. अर्थशास्त्रात ज्याला सेवेची किंमत म्हणतात ती पावतीवर लिहिलेली रक्कम नव्हे; बुडालेला रोज, गाडीभाडे आणि घरी ठेवलेल्या धाकट्या भावंडाची काळजी ही सारी त्या किमतीत मोडतात. विनामूल्य सेवा काशीदच्या घराला महाग पडते ती अशी.

शिक्षणाच्या बाबतीतही हेच गणित. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली रजनीशकुमार पांडे खटल्यात दिलेल्या आदेशानंतर केंद्र सरकारने प्राथमिक शाळेत अशा दहा मुलांमागे एक व पुढील वर्गांत पंधरांमागे एक विशेष शिक्षक असे प्रमाण घालून दिले. शहरातील शाळेला ते लागू पडते. गावच्या शाळेत असे मूल एक किंवा दोन; तेथे प्रमाणाचा भागाकार शून्यावरच येतो. म्हणून मागणी शाळेवार न करता तालुक्यावार केली पाहिजे: मुरूड तालुक्यातील अशी सारी मुले मोजा आणि त्यांच्या संख्येप्रमाणे शाळाशाळांत फिरणारे शिक्षक द्या, गाडीभाड्यासह द्या.

तज्ज्ञ खेड्यात येणार नाहीत, ही सबब आता पुरती टिकत नाही. गोव्यातील ‘संगत’ ही संस्था आणि पाकिस्तानातील रावळपिंडी येथील मंडळींनी मिळून केलेला एक प्रयोग २०१६ साली ‘लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. (दोन शेजाऱ्यांनी मिळून एवढे चांगले काम केल्याचे वृत्त आपल्या दैनिकांत ठळकपणे यावयास हवे होते.) त्यात दोन ते नऊ वर्षांची ६५ स्वमग्न मुले होती. त्यांपैकी निम्म्यांच्या पालकांना, तज्ज्ञ नसलेल्या पण प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्यांनी सहा महिन्यांत बारा बैठकांतून मार्गदर्शन केले. पालक मुलाशी खेळत असतानाचे चित्रण करावयाचे आणि ते पालकांसह पाहत, मुलाने कोठे साद घातली व ती कोठे ऐकली गेली नाही हे दाखवावयाचे. परिणाम असा की, पालक मुलाच्या कलाने प्रतिसाद देऊ लागले आणि मुले आपणहून संवाद सुरू करू लागली. हे सारे आपल्या बोलक्या मुलाला जसेच्या तसे लागू होईल असे नाही. त्याची अडचण शाळेत आणि सवंगड्यांत अधिक आहे. परंतु बारावी झालेली गावची मुलगी हे काम शिकू शकेल, एवढे म्हणावयास आधार आहे. मात्र तिला मानधनाच्या नावाखाली राबवून घेऊ नये. आशा आणि अंगणवाडी सेविकांच्या डोक्यावर आणखी एक वही ठेवून भागणार नाही. नवे काम असेल तर नवे पद आणि पुरता पगार हवा.

पैसा कोठून? राज्यात २०२२ पासून स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग आहे. त्याच्याकडे मागावे लागेलच. पण एक तरतूद अगदी दाराशी आहे. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करावी असा राज्य शासनाचा आदेश आहे. पूर्वी हे प्रमाण ३ टक्के होते. ही रक्कम अनेक ठिकाणी वर्षाअखेरीस यादीतील लोकांना थोडी थोडी वाटून संपविली जाते. ज्याच्याकडे दाखला नाही तो यादीत नाही. पर्यटनावर ज्यांचे उत्पन्न वाढले आहे अशा किनाऱ्यावरील चार-पाच ग्रामपंचायतींनी ही रक्कम एकत्र केली, तर आठवड्यातून एक दिवस, मंगळवारी किंवा बुधवारी, मुंबईहून एका प्रशिक्षकाला आणून त्याचे भाडे व मेहनताना देता येईल, आणि अलिबागला जाणाऱ्या पालकांचा प्रवासखर्चही भागवता येईल.

हा ठराव ग्रामसभेत मांडावा लागेल. प्रथेप्रमाणे ग्रामसभा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी भरतात. हे चारही दिवस सुटीचे; काशीदला मोटारींची रीघ लागलेली असते आणि जिला हा प्रश्न विचारावयाचा आहे ती बाई खाणावळीच्या चुलीपाशी असते. ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घेण्याचा नियम मात्र आहे. ती सभा कामाच्या दिवशी, दुपारच्या वेळी बोलाविता येते, आणि ५ टक्के निधी गेल्या वर्षी कशावर खर्च झाला याचा हिशेब तेथे मागता येतो.