मद्रासचा दिवा

माझे अब्बा मालवाहू जहाजावर खलाशी होते. कोकणातल्या घरी रजेवर आले की सांगत, "कलकत्त्याहून परतताना मद्रासचा दिवा दिसला, की घर जवळ आल्यासारखे वाटते." आम्हा मुलांना त्या दिव्याचा राग यायचा. अब्बा आमच्यापेक्षा त्यालाच अधिक वेळा भेटत!

त्या दिव्याने चार घरे पाहिली. १७९६ साली तो सेंट जॉर्ज किल्ल्यातल्या इमारतीच्या छपरावर लागला. तेव्हा तो खोबरेल तेलावर जळे. १८४४ मध्ये किल्ल्याच्या उत्तरेला दगडी स्तंभ उभा राहिला. पुढे त्याच आवारात उच्च न्यायालय बांधले गेले आणि १८९४ मध्ये दिवा न्यायालयाच्या घुमटावर चढला. खाली न्यायनिवाडा, वर दिवा, असा हा संसार ब्याऐंशी वर्षे चालला. जुना स्तंभ आजही तिथे उभा आहे.

१० जानेवारी १९७७ रोजी मरीना किनाऱ्यावरचा आजचा दीपस्तंभ सुरू झाला. त्रिकोणी, तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांचा, सुमारे ४६ मीटर उंच, आणि आत चक्क लिफ्ट! अब्बांनी घुमटावरचा दिवाही पाहिला होता. ते म्हणत, "दिवा जागचा हलला की खलाशाच्या डोक्यातला किनारा हलतो. तो पुन्हा पाठ करावा लागतो."

सुरक्षेच्या कारणाने हा दीपस्तंभ बरीच वर्षे लोकांना बंद होता. १४ नोव्हेंबर २०१३ पासून तो खुला झाला. मी तिथे गेलो तेव्हा अब्बा हयात नव्हते. नवव्या मजल्यावरच्या सज्जातून एका बाजूला गजबजलेले शहर दिसले, दुसऱ्या बाजूला नुसते पाणी. अब्बांनी हा किनारा नेहमी त्या पाण्यावरून पाहिला होता.

अंधार पडल्यावर मी वाळूवर येऊन बसलो. दोन लखलखाट, मग काळोख. पुन्हा दोन लखलखाट. घड्याळ लावून पाहिले, दर दहा सेकंदांनी तेच. प्रत्येक दीपस्तंभाची अशी स्वतःची खूण असते, तिच्यावरून खलाशी त्याला ओळखतो. आता जहाजांवर उपग्रहाची यंत्रे आहेत, तरी दिवा लागतोच.

अब्बांची शाळा चौथीत सुटली होती. मी बी.ए. झालो, कविता लिहू लागलो. पण त्यांना अंधारात एका नजरेत वाचता येणारी ती एक ओळ वाचायला मला घड्याळ लागले. लहानपणचा तो राग मात्र तिथेच, वाळूवर, सोडून आलो.